अण्णांची पाणसळ

अण्णांनी आरव्ही घेतल्याची बातमी मंडळात कुणाला द्यावी लागली नाही. गणपतीच्या दिवशी हॉलबाहेर पाच गाड्यांची जागा अडवून ती उभी होती आणि अण्णा आरती सोडून तिच्या मागच्या चाकाखाली फळी सारत होते. अमेरिकेतल्या प्रत्येक महाराष्ट्र मंडळात असा एक निवृत्त इंजिनिअर असतोच. तुमच्याकडचा अजून तंबूवर असेल तर थोडं थांबा, घेईल.

मुक्काम फुकटच हवा, ही अण्णांची पहिली अट. पश्चिमेकडच्या राज्यांत ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याच्या अफाट जमिनी आहेत. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी 14 दिवसांपर्यंत दमडी न मोजता राहता येतं. वीज नाही, नळ नाही, शेजारी नाही. तेव्हा चाळीस डॉलरचं कॅम्पग्राउंड वाचवण्यासाठी अण्णा गॅलनला आठ मैल देणारं ते घर साठ मैल वाकडं नेतात. हिशेब विचारू नये. विचारलाच तर पेट्रोल 'गाडीच्या खात्यात' जातं आणि बचत 'मुक्कामाच्या खात्यात' येते.

हमरस्ता त्यांना वर्ज्य. नेवाडातून जाणाऱ्या हायवे 50 ला 'लाइफ' मासिकाने 1986 साली अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता म्हटलं होतं. त्यावर अण्णांचं मत: "लई वर्दळ झालीय ओ आता तिथं."

पण हे सगळं सोसता येतं. सोसत नाही ती पाणसळ.

गवंड्याची असते तीच. लाकडी, पितळी पट्टीची, सांगलीहून आणलेली. नदीकाठी गाडी थांबली की तुम्हाआम्हाला चहा सुचतो, अण्णा ओट्यावर पाणसळ ठेवतात आणि खिडकीतून ओरडतात, "थोडं पुढं घ्या! डावीकडं फळी सारा! येतंय, येतंय... गेलं की ओ!" बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध बसेपर्यंत गॅस पेटवायचा नाही. मी वैतागून कारण विचारलं, तर चिखलात काडीने आकृती काढली. आरव्हीतल्या गॅसवरच्या फ्रिजमधला अमोनिया उतारानेच फिरतो. गाडी तिरकी राहिली तर तो एका कोपऱ्यात साचतो, खालची आंच त्याला भाजत राहते आणि फ्रिज कायमचा बसतो. कारण खरं आहे, हीच पंचाईत. नुसता विक्षिप्तपणा असता तर भांडता आलं असतं.

आणि फ्रिजपुरती ती थांबली असती तरी चाललं असतं. एका सत्यनारायणाला त्यांनी चौरंगावर पाणसळ ठेवली आणि कथेच्या तिसऱ्या अध्यायात एका पायाखाली आरतीचा कागद चौपदरी घडी करून सरकवला. एका वास्तुशांतीत स्वयंपाकघरातला ग्रॅनाइट 'पाव बुडबुडा' उतरता निघाला. यजमानांचं बिल्डरशी भांडण अजून चालू आहे. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा भेटायला आले, मोसंबी टेबलावर ठेवली आणि पाणसळ पलंगावर. "पायाकडं उतरतंय," म्हणाले आणि नर्सला बोलवायला गेले. वहिनींना विचारलं तर म्हणतात, "माझ्या घावनाच्या तव्यावर ठेवलीन् एकदा. बुडबुड्याचं राहू दे, चटकाच बसला त्यांना."

वहिनींचं आरव्हीबद्दलचं मत एका वाक्यात मावतं: भांडी तीच, फक्त पाणी मोजून. काळ्या टाकीबद्दल, म्हणजे संडासाच्या टाकीबद्दल, मी लिहिणार नाही. ती रिकामी करताना नळी कुणी धरली होती, एवढंच मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे.

गेल्या ऑगस्टात आम्ही दोन्ही कुटुंबं यूटामध्ये होतो. जागेचं नाव सांगत नाही. फुकटची जागा सांगितली की संपते, अशी अण्णांनी शपथ घातलीय. पाण्याला लागून वाळूचा सपाट तुकडा. पहिल्याच खेपेला बुडबुडा मध्ये. माझी बायको खुर्च्या मांडू लागली. अण्णा मात्र एका कॉटनवूडकडे बघत उभे राहिले. फांदीच्या बेचक्यात, माझ्या डोक्याच्याही वर, वाळलेलं गवत आणि एक प्लॅस्टिकची दोरी अडकली होती.

"हे कुणी ठेवलं वाटतंय तुम्हाला?" एवढंच बोलले आणि किल्ली मागितली.

गाडी वरच्या मुरमाड उतारावर गेली. तिथे चारही फळ्या लावूनही बुडबुडा रेघेच्या बाहेरच. मला वाटलं आता रात्रभर जॅक. अण्णांनी फ्रिज बंद केला, पाणसळ खणात टाकली. म्हणाले, "झोपा तिरकं."

रात्री कुशीवरून घरंगळता घरंगळता त्यांनी आर्कान्साची गोष्ट सांगितली. 11 जून 2010 ची पहाट, अल्बर्ट पाईक कॅम्पग्राउंड, लिटल मिझूरी नदी. माणसं झोपेत होती. 20 गेली. मग थोड्या वेळाने, न विचारता, सांगलीचं. 2019 च्या ऑगस्टात ते इथून रात्र रात्र भावाला फोन करत होते, आणि बोलणं एकच: आयर्विन पुलाला किती फूट? धोक्याची पातळी 45. आकडा 57 वर गेला तेव्हा घरातला फोन लागेना. भाऊ सुखरूप होता, शेजाऱ्याच्या गच्चीवर. घराच्या भिंतीवरची रेघ मात्र त्याने पुसू दिली नाही. ती अण्णांनी नंतर गेल्यावर पाणसळीने तपासली. "एका रेघेत होती ओ. गवंड्याला जमणार नाही अशी."

पूर आला नाही. नदी सकाळी होती तशीच घोट्याएवढी, आणि त्या सपाट वाळूवर एक तरुण जोडपं व्हॅन लावून अंडी तळत होतं. मी अण्णांकडे सूचक बघितलं. त्यांचं लक्ष नव्हतं. चपला घालून ते खाली उतरले, त्या दोघांना झाडापाशी नेलं, हात उंच करून दाखवलं. पोरांनी कौतुकाने ऐकलं, कॉफी पाजली आणि जागची हलली नाहीत.

मग अण्णाही हलेनात. आमचा निघायचा दिवस होता. "ती गेली की जाऊ," म्हणाले आणि खुर्ची अशी लावली की वरच्या डोंगरावरचे ढग दिसावेत. पोरं निघाली दोन दिवसांनी. तोवर बंद फ्रिजमधलं श्रीखंड फसफसलं होतं. वहिनींनी ते डबा उघडून, अण्णांच्या नाकाखाली धरून, मगच फेकलं.