संसार दहा हजार लिटरचा

लग्नांचा हंगाम संपला, रुखवतातले थर्मोकोलचे बंगले माळ्यावर गेले आणि मुळशी तालुक्यात नव्या जोडप्यांची बिऱ्हाडं लागली. पौड रस्त्याला भूगाव, भुकूम, पिरंगुट. हिंजवडीच्या अंगाला माण, मारुंजी, नेरे. जिथं कालपरवापर्यंत आंबेमोहराची खाचरं होती, तिथं आता चौदाव्या मजल्यावर नवरी माप ओलांडून घरात येते. मापात तांदूळ आंबेमोहरच असतो, फक्त मॉलमधून आणलेला. मुलाच्या बायोडेटात ‘पुण्यात स्वतःचा फ्लॅट’ असं लिहिलेलं असतं. तो फ्लॅट ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे, हे घरपट्टीची पावती आल्यावर कळतं. तोवर वरात परत गेलेली असते.

आमच्या भाचीचाही संसार याच पट्ट्यात सुरू झाला. गावाचं नाव सांगत नाही, कारण कुठलंही घातलं तरी चालेल. घर भाचीच्या नावावर आहे. 2021 पासून महाराष्ट्रात बाईच्या नावानं घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, त्यामुळं जावईबापूंचं स्त्रीदाक्षिण्य एकदम वाढलं. टँकरवाल्याच्या फोनमध्येही मालकीण म्हणून तिचाच नंबर आहे.

या भागातल्या गृहप्रकल्पांची नावं एकदा सवडीनं वाचावीत. कुठं लेक, कुठं रिव्हर, कुठं फॉल्स, कुठं नुसतंच ब्लू. पाणी आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपल्याकडं म्हणतात. बिल्डर मंडळींनी त्यावर तोडगा काढला आणि ते थेट नावातच सोडलं. प्रवेशद्वाराशी कारंजं असतं. पझेशनच्या दिवशी ते थुईथुई नाचतं. नंतर त्यात कुंड्या ठेवतात.

वास्तुशांत आणि सत्यनारायण एकाच दिवशी ठरले होते. सकाळी सहाला सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला: ‘आज टँकर लेट आहे, कृपया सहकार्य करावे.’ खाली हात जोडल्याची तीन चित्रं. पाहुणे साताऱ्याहून निघाले होते, गुरुजी चांदणी चौकात अडकले होते. 2023 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या नव्या पुलाचं उद्घाटन झाल्यापासून माणूस कोंडीतून अधिक वेगानं पुढच्या कोंडीत जातो. जावईबापूंनी वाण्याकडून वीस लिटरचे सहा जार आणवले. एका जारमध्ये शिरा झाला, एकात पंचामृताची भांडी विसळली आणि एक पूजेला लागला. गुरुजींनी कलशात सप्तनद्यांना आवाहन केलं. गंगा आली, नर्मदा आली, सिंधू आली, थेट कर्नाटक-तामिळनाडूतून कावेरी आली. हाकेच्या अंतरावरची मुळा तेवढी आली नाही. मंत्रात तिचं नाव नाही आणि पाइपलाइनच्या आराखड्यातही नाही. भाचीच्या सासूबाईंनी हळूच विचारलं, “गं, नळाला पाणी किती वाजता येतं?” भाची म्हणाली, “ग्रुपवर कळवतात, आई.”

आता कोणी म्हणेल की मुळशीत पाण्याचाच दुष्काळ असेल. तसं मुळीच नाही. ज्या धरणामुळं या तालुक्याचं नाव देशभर झालं, त्या मुळशी धरणात अठरा-वीस टीएमसी पाणी मावतं. पुण्याला पाजणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चारही धरणांची मिळून क्षमता सुमारे एकोणतीस टीएमसी आहे. म्हणजे चार धरणांतल्या पाण्याच्या निम्म्याहून अधिक पाणी एकट्या मुळशीच्या पोटात आहे. पण ते पूर्वेला, म्हणजे भाचीच्या घराकडं येत नाही. ते बोगद्यानं पश्चिमेला सह्याद्री उतरतं, भिऱ्याच्या वीजगृहात वीज तयार करतं, वीज मुंबईकडं जाते आणि पाणी कुंडलिकेतून समुद्राकडं. या धरणासाठी टाटा कंपनी जमिनी घेऊ लागली तेव्हा मावळ्यांनी 1921 च्या रामनवमीला सत्याग्रह केला. सेनापती बापट तुरुंगात गेले. ‘जान या जमीन’ ही त्यांची घोषणा होती. जमीन गेली, धरण झालं. शंभर वर्षांनी त्याच तालुक्यात लोक हप्त्यानं जमिनीवरची हवा विकत घेतात आणि पाणी टँकरनं. सत्याग्रह मात्र कोणी करत नाही, कारण सोमवारी ऑफिस असतं.

लग्नानंतरच्या पहिल्या जोडसुट्टीत भाची आणि जावई ताम्हिणी घाटातून कोलाडला गेले. कुंडलिकेत राफ्टिंग केलं. ही नदी सकाळी फुगते ती भिऱ्याकडून सोडलेल्या पाण्यानं, आणि ते पाणी मुळशीचंच. म्हणजे आपल्या तालुक्याच्या पाण्यात भिजण्यासाठी दोघं घाट उतरली, माणशी तिकीट काढलं, नखशिखान्त ओली झाली, फोटो काढले आणि रात्री घरी आली तर अंग धुवायला बादलीभर पाणी नव्हतं. मधुचंद्राचा एवढा हिशेबी प्रकार आम्ही दुसरीकडं पाहिला नाही.

बरं, तक्रार करावी तर कुणाकडं? ग्रामपंचायत म्हणते, आमची योजना मूळ गावठाणासाठी, तुमच्या मनोऱ्यांसाठी नाही. परवानगी दिली पीएमआरडीएनं, तिकडं जा. 2015 साली स्थापन झालेलं हे प्राधिकरण म्हणतं, बिल्डरकडून हमीपत्र घेतलंय, पाण्याची सोय होईतो तोच पाणी देईल. बिल्डर म्हणतो, आता सोसायटी झाली, कारभार तुमच्या हवाली केला, हमीपत्र फायलीत सुरक्षित आहे. 2021 मध्ये बावधन, सूस, म्हाळुंगे ही गावं महापालिकेत गेली तेव्हा उरलेल्यांना त्यांचा हेवा वाटला. आता त्यांनाही टँकर लागतो, हे ऐकून जीव जरा भांड्यात पडला. भांडं अर्थात रिकामंच होतं.

तक्रार ऐकून घेणारा एकच माणूस उरतो, तो टँकरवाला. तो फोन उचलतो. कधीकाळी याच उताराला त्याचं भाताचं खाचर होतं. ते विकलं, विहीर तेवढी राखली. आता ती विहीर खाचरापेक्षा जास्त पिकते. प्रवीण तरडे यांनी 2018 मध्ये ‘मुळशी पॅटर्न’ काढला तो जमीन विकून देशोधडीला लागलेल्यांवर. पुढचा भाग काढायचा असेल तर नायक टँकरवरच बसवावा. मोठ्या गुन्ह्याची गरज नाही, मे महिना पुरेसा आहे.

पाण्यानं संसाराची रीतच बदलून टाकली आहे. पूर्वी नवरा ऑफिसातून फोन करून ‘जेवलीस का?’ विचारायचा. आता दुपारी तीनला भाचीला निरोप येतो, ‘वॉशिंग मशीन लाव, टाकी भरलीय.’ यापेक्षा प्रेमळ वाक्य या तालुक्यात सापडणार नाही. भांडणही ‘तुझ्या आईनं’ वरून सुरू होत नाही, ‘शॉवर कुणी लावला?’ वरून होतं. माहेरची माणसं राहायला येणार म्हटलं की भाची आधी सोसायटीच्या चेअरमनांना कळवते. पाहुणा चार दिवस राहिला तर प्रेमाचा, पाचव्या दिवशी तो जादा फेरीच्या खर्चात धरला जातो. परवा हळदीकुंकवाला बायकांनी उखाण्याचा आग्रह धरला, तेव्हा भाचीनं नाव घेतलं: ‘मुळशीच्या धरणाचं पाणी गेलं भिऱ्याला, रावांचं नाव घेते टँकरच्या फेऱ्याला.’ सगळ्याजणी हसल्या आणि वाण म्हणून तिनं प्लास्टिकचे मग वाटले.

तेव्हा उपवर मुलामुलींच्या आईबापांना आमची एक विनंती आहे. पत्रिका जरूर बघा, पॅकेज बघा, कार्पेट एरिया टेपनं मोजा. पण ‘पुण्यात स्वतःचा फ्लॅट’ दिसला की त्या फ्लॅटवर भर मे महिन्यात, टँकर यायच्या आधी जा आणि स्वयंपाकघरातला नळ उघडा. करारात पाण्याचं कलम कुठं आहे ते विचारा, हमीपत्राची प्रत मागा. भोगवटा प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या साहेबांनीही सही करण्याआधी तोच नळ एकदा उघडून बघावा, एवढीच त्यांना विनंती. आणि नव्या जोडप्यांनो, पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारी आले की त्यांना चहा देऊ नका. पेलाभर पाणी द्या आणि त्याचं बिल दाखवा.