बिनपाकळ्यांचा तोरा

व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये फुलांचाही मानपान असतो. निळ्या पॉपीपुढे फोटोसाठी रांग लागते. वर हेमकुंडाच्या वाटेवर ब्रह्मकमळ दिसताच बर्फाळ वाऱ्यात बूट काढून हात जोडणारी माणसं मी पाहिली आहेत. आणि पुष्पावती नदीला मिळणाऱ्या ओहोळांच्या काठी गुडघाभर उंचीची पांढरी फुलं घोळक्याने उभी असतात, त्यांचं नाव विचारलं तर गाइड म्हणतो, ‘वो? वो तो ऐसे ही है जी.’

हे ‘ऐसे ही’ म्हणजे अ‍ॅनिमोनी रिव्ह्युलॅरिस. माझा त्याच्यावर भारी जीव, कारण एवढं बेरकी फूल त्या खोऱ्यात दुसरं नसेल. मुळात त्याला पाकळ्याच नाहीत! आपण ज्यांचे क्लोज-अप काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतो ती निदलं. शाळेच्या पुस्तकात ‘कळीचे रक्षण करतात’ एवढ्यावर ज्यांची बोळवण झाली होती, तीच. इथे ती पाच ते आठ, कितीही असतात. कळी मिटलेली असताना त्यांची निळसर पाठ बाहेर, उमलल्यावर पांढरंशुभ्र पोट वर. थंडीत लपेटलेली शाल उलटी करून लग्नात मिरवावी तसला प्रकार. मधोमध निळसर परागकोशांचा झुबका आहे, पण मधाचा पत्ता नाही. किडे येतात, परागावर समाधान मानतात आणि फुकटात परागीभवन करून जातात.

आपल्या सह्याद्रीतली मोरवेल याच कुळातली. तिलाही पाकळ्यांची गरज वाटलेली नाही. घराणंच काटकसरी!

आणि तिखट. पान चुरगळलं की जो रस सुटतो त्याने तोंड पोळतं, कातडीवर फोडही येतात. त्यामुळे मेंढ्या त्याच्या वाटेला जात नाहीत. आजूबाजूचं गवत साफ होतं आणि हे गृहस्थ ताठ उभे. १९८२ साली खोऱ्याचं राष्ट्रीय उद्यान झालं, चराई थांबली, तरी त्यांनी शस्त्रं खाली ठेवलेली नाहीत. आमच्यातल्या एक काकू त्याचा तुरा केसांत माळायला निघाल्या, तेव्हा आमच्याबरोबरच्या सरांनी आधी उद्यानाचा नियम सांगितला. काकू ढिम्म. मग फोडांचं सांगितलं. काकूंनी हात चटकन मागे घेतला.

हिवाळ्यात वरचं सगळं वाळून जातं आणि जाड मूळखोड तेवढं बर्फाखाली मुक्काम ठोकून राहतं. हिमालय झाला की याचा पुढचा पत्ता थेट निलगिरी, पळणी आणि श्रीलंकेचे डोंगर. मधला महाराष्ट्र गाळला! कळसूबाईचे १६४६ मीटर त्याला थिटे वाटले असावेत. हे ऐकून आमच्या ग्रुपमधले नाशिकचे काका इतके दुखावले, की परतीच्या वाटेवर त्यांनी त्याचा एकही फोटो काढला नाही.