तांदळावर एक पेर

"तांदळावर एक पेर पाणी घाला," बायको फोनवरून म्हणाली.

"एक पेर म्हणजे किती?"

"पेर म्हणजे पेर हो. बोटाचं."

"कोणत्या बोटाचं?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मागे कुठेतरी आमची पंधरा दिवसांची नात रडत होती. मग ती म्हणाली, "अहो, तुम्ही आज पोहे खा."

माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. नोकरीची ३४ वर्षं मी जमिनी मोजल्या. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. बांध वीतभर सरकला म्हणून सख्खे भाऊ कोर्टात गेलेले मी पाहिलेत. त्यामुळे 'साधारण', 'अंदाजे', 'थोडंसं' हे शब्द ऐकले की मला अजून कपाळावर आठी पडते. आणि निवृत्तीनंतर, लेकीच्या बाळंतपणासाठी बायको तीन महिने बंगळुरूला गेल्यावर, मी नेमका अशा जागी येऊन पडलो की जिथे या तीन शब्दांवाचून एक पानही हलत नाही.

सुरुवातीला डबा लावला होता. डब्यातल्या भाजीचं नाव रोज बदलायचं, रस्सा मात्र तोच. सोमवारी त्यात फ्लॉवर सापडायचा, मंगळवारी वाटाणे, बुधवारी शोध घ्यावा लागायचा. सोळाव्या दिवशी डबा बंद केला आणि एक दोनशेपानी वही आणली. सवयीनं रकाने आखले: जिन्नस, वजन, वेळ, शेरा. फिल्डबुकाशिवाय मी कधी शिवारात पाऊल टाकलं नव्हतं, मग स्वयंपाकघरात कसं टाकणार?

पहिली फेरी मंडईत. पुण्याच्या मंडईचा अष्टकोनी मनोरा मी आयुष्यभर बाहेरून पाहिला होता. एकेकाळी तिचं नाव रे मार्केट होतं हेही माहीत होतं. आत मेथी कुठे मिळते ते मात्र माहीत नव्हतं. बायकोची नेहमीची भाजीवाली शोधून काढली.

"मेथी ताजी आहे का?"

"शिळी वेगळी काढून ठेवलीय, ती देऊ?"

मी गप्प जुडी घेतली. मग पावशेर गवार मागितली. मागता मागता मनात आलं, की दशमान वजनांचा कायदा झाला १९५६ साली, शेर केव्हाच गेला, पण मंडईतल्या जिभेवरून पावशेर काही उतरलेला नाही. खरा शेर ९३३ ग्रॅमचा, म्हणजे पावशेर २३३ ग्रॅमचा. ती देते अडीचशे. हा सतरा ग्रॅमचा हिशेब मी तिला समजावून सांगितला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सतरा ग्रॅम काढून घेऊ का काका?" मागच्या दोन बायका हसल्या. जाताना तिनं पिशवीत न मागता कढीपत्ता टाकला. वहीत वजनाच्या रकान्यात काय लिहावं कळेना. शेवटी 'कृपा' असं लिहिलं.

मेथी निवडायला चाळीस मिनिटं लागली. निवडलेला पाला २१० ग्रॅम भरला आणि कढईच्या काठावरून बाहेर डोकावू लागला. एवढ्या डोंगराला मीठही डोंगराएवढंच हवं, या हिशेबानं ते घातलं. झाकण काढून पाहतो तो कढईच्या तळाशी वाटीभर काळसर हिरवं काहीतरी. पहिला घास घेतला आणि थेट अलिबागला पोहोचलो.

"अहो, पालेभाजीला मीठ बसल्यावर घालायचं!"

"मी उभ्यानंच घातलं."

"तुम्ही नाही, भाजी बसल्यावर! पाला खाली बसला की तो किती आहे ते कळतं." मग थोडं थांबून म्हणाली, "टाकून देऊ नका. त्यात भाजणीचं पीठ घाला आणि थालिपीठं लावा."

"किती पीठ?"

"मावेल तेवढं."

मावेल तेवढं! सातबाऱ्यावर क्षेत्राच्या रकान्यात कुणी 'मावेल तेवढं' लिहिलं असतं तर? "अहो, ते पीठच सांगतं," असं म्हणून तिनं फोन ठेवला. मी परातीत मूठमूठ पीठ घालत मळत राहिलो. बराच वेळ पीठ काहीच सांगेना, नुसतं बोटांना लगडत होतं. मग एका मुठीनंतर ते अचानक हाताला चिकटायचं थांबलं, गोळा झालं आणि परात साफ सुटली. मी घाईनं हात धुऊन वजन काढलं आणि वहीत नोंदलं, १६० ग्रॅम. खाली दोन रेघा ओढल्या. हद्द कायम झाली.

पुढच्या आठवड्यात तेवढीच मेथी घेतली आणि तेच १६० ग्रॅम पीठ. गोळा होईना, नुसता चिखल. आदल्या दिवशी पाऊस झाला होता आणि पाला पाणी पिऊन आला होता. परातीत हात घालून मी तसाच बसून राहिलो. जमीन बिचारी होती तिथेच असते, आज मोजा नाहीतर वीस वर्षांनी मोजा. मेथी मंगळवारची वेगळी, गुरुवारची वेगळी. तिला कायमचा नकाशा कुठून आणायचा?

पण सवय सुटत नव्हती. कपाटात कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' होतं. हे पुस्तक निघालं १९७० साली, आमच्या घरात आलं ते लग्नाच्या आहेरात. त्यात वाटी-चमच्याचं माप आहे हे पाहून जीव भांड्यात पडला. मग घरातल्या वाट्या मोजल्या. सात निघाल्या. सर्वांत धाकटी ११० मिलिलिटरची, थोरली १८०. म्हणजे माझ्याच घरात वाटीचे सात सर्व्हे नंबर! पानं चाळताना एका कृतीशेजारी समासात शिसपेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं: 'तिखट निम्मं. ह्यांना सोसत नाही.' अक्षर जुनं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षातलं असावं. तिखट मला सोसत नाही ही गोष्ट मी कधी कुणाला सांगितल्याचं आठवत नाही.

स्वयंपाकाची बोलीही निराळीच. आधण, वैरणं, परतणं, घोटणं. पिठल्याला बेसन वैरतात, म्हणजे एका हातानं उकळत्या पाण्यात भुरभुरायचं आणि दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. मला तिसरा हात चष्म्यासाठी लागायचा. गुठळ्या झाल्या. वहीत शेरा: 'आत कोरडी बेटं आढळली.' आणि 'दणदणीत वाफ येऊ द्यावी' हे माप तर कहर. दणदणीत! वाफ झाली का तोफ?

कुकरच्या शिट्टीवर मी फार आशा ठेवून होतो. ऐकू येणारं, मोजता येणारं हे एकच एकक. पण घड्याळ लावून पाहिलं तर मोठ्या आचेवर दीड-दोन मिनिटांनी शिट्टी होते आणि बारीक आचेवर कुकर तासभर नुसता श्वास घेत बसतो. 'तीन शिट्ट्या' या वाक्यात आचेचा उल्लेख नसेल तर त्याला काही अर्थ नाही, हे माझं मत मी बंगळुरूला कळवलं. उत्तर आलं नाही. तसं कुकरचं काम मला पटतं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर (पाहा, 'साधारण' आलंच), त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. कुकरच्या आत दाबाखाली ते १२० अंशांपर्यंत चढतं, म्हणून तूरडाळ मऊ होते. महाबळेश्वरच्या अंगाला मोजणीचा मुक्काम असायचा तेव्हा आमचा शिपाई तीन दगडांवर पातेल्यात डाळ शिजवायचा आणि ती रात्री नऊपर्यंत दाताखाली कचकचायची. मी त्याला आळशी म्हणायचो. साडेतेराशे मीटर उंची मी नकाशावर लिहून घेतली होती, डाळीशी तिचा संबंध लावायचं सुचलं नव्हतं. आता त्याची माफी मागायची तर तो कुठे असेल कोण जाणे.

फोडणीला मात्र वही कामाची नाही, कारण लिहायला वेळच मिळत नाही. तेल तापतं, मोहरीच्या आतल्या ओलाव्याची वाफ होऊन ती फुटते, तोवर सगळं रमतगमत चाललेलं असतं. आणि मग एकाएकी हिंग, हळद, कढीपत्ता, सगळ्यांची गाडी एकाच मिनिटाला सुटते. हिंग म्हणजे एका झाडाच्या मुळाचा चीक. तो पिढ्यान्‌पिढ्या अफगाणिस्तान-इराणकडून आपल्याकडे येत आला, आपल्या मातीत लागवडीचा प्रयत्न २०२० साली हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात सुरू झाला. एवढ्या लांबून आलेली वस्तू मी चार सेकंदांत कोळसा करत होतो, कारण नजर वहीत होती. एके दिवशी वही बाजूला ठेवली आणि कानानं फोडणी केली. मोहरीचा तडतडाट ओसरला की गॅस बारीक, मग हिंग. त्या दिवशी वरणाच्या वासानं समोरच्या वहिनींनी दार उघडून विचारलं, "परत आल्या का बाई?"

राहता राहिला भात. तर्जनीचं पेर पट्टीनं मोजलं होतं, टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत २.८ सेंटिमीटर. त्याबरहुकूम पाणी घातलं की भात आसट व्हायचा, चमच्यानं वाढावा लागायचा. दोन महिने मी तांदळाला दोष दिला, मग दुकानदाराला, मग नवा तांदूळ-जुना तांदूळ या वादात पडलो. नंतर केव्हातरी हात आपोआप थोडा आधी थांबायला लागला. का ते विचारलं नाही. भात मोकळा होऊ लागला होता, विचारून कशाला तो बिघडवा.

ती परत आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. मी डाळ लावली होती, वांगी चिरून पाण्यात टाकली होती. भरताचं वांगं हातात हलकं लागलं तर घ्यावं, जड म्हणजे बियांचं, हेही आता मला कळत होतं आणि ते तिला ऐकवायचं होतं. पण ती आली ती सरळ ओट्याशीच. बॅग दारात, पायात अजून चप्पल. तांदळाच्या पातेल्यात सवयीनं बोट बुडवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"काय, जास्त झालं?"

"नाही. बरोबर आहे."

पाणी नेमकं तिच्या रेघेवर होतं. मी आतल्या खोलीत जाऊन पट्टी घेऊन आलो. तिनं बोट पुढे केलं, न विचारता, ३४ वर्षं मोजणीवाल्याच्या संसारात काढल्यासारखं. २.३ सेंटिमीटर. पाच मिलिमीटरचा फरक, म्हणजे सोळा सेंटिमीटर व्यासाच्या पातेल्यात शंभर मिलिलिटर पाणी. दोन महिन्यांच्या गिचक्या भाताचा उलगडा तिच्या एका बोटावर झाला होता. मी पट्टी तशीच धरून उभा राहिलो.

"झाली मोजणी?" ती म्हणाली. "मग गॅस लावा."