कच्चेबुवा

कच्चेबुवा हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव चारचौघांसारखं आहे. न्यू जर्सीत एडिसनला घर आहे, मॅनहॅटनमधल्या एका बँकेत संगणकाची नोकरी आहे आणि मंडळाच्या गणपतीत अथर्वशीर्ष सुरू झालं की ते पहिल्या रांगेत असतात. घराण्यात कुणी अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. असा हा गृहस्थ हल्ली भेटेल त्याला कच्च्या मांसाचे फायदे सांगत सुटलेला असतो. स्वतःसाठी नव्हे, फेरेटसाठी.

फेरेट ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगायचं तर हातभर लांब, जेमतेम किलोभर वजनाचा आणि अंगात हाड आहे की नाही अशी शंका यावी इतका लवचीक प्राणी. बघताक्षणी मुंगूस आठवतं, पण खरी भाऊबंदकी पाणमांजराशी. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी जनावराला माणसाने दोनेक हजार वर्षांपूर्वी माणसाळवलं, ते सशांच्या बिळात सोडायला. आता अमेरिकेत तो दिवसाचे चौदा-पंधरा तास झोपतो आणि उरलेल्या वेळात मोजे पळवतो. न्यू जर्सीत परवाना काढून पाळता येतो. हडसन ओलांडून न्यूयॉर्क शहरात नेला की बेकायदा. १९९९ मध्ये तिथले महापौर जुलियानी यांनी रेडिओच्या कार्यक्रमात फोन करणाऱ्या एका फेरेटवाल्याला ‘मानसोपचारतज्ज्ञाला दाखव’ असं जाहीर सुनावलं होतं. ही हकिगत कच्चेबुवा स्वतःच सांगतात, आणि वर ‘पुढे जुलियानींचं काय झालं ते बघा’ असं म्हणून गप्प बसतात.

फेरेट त्यांनी आणले नव्हते. मुलीने आणले, नावं तिनेच ठेवली, आणि ती बॉस्टनला कॉलेजात गेली. परदेशातल्या मराठी घरात जनावर बहुधा याच वाटेने बापाच्या गळ्यात पडतं. सुरुवातीला काम सोपं होतं. पिशवी फोडायची, वाटीत किबल, म्हणजे विकतचं कोरडं दाणेदार खाणं, ओतायचं, पाणी बदलायचं. मग चारांतल्या एकाला इन्शुलिनोमा झाला. स्वादुपिंडात गाठ होते, इन्शुलिन वाजवीपेक्षा जास्त सुटतं, रक्तातली साखर खाली जाते आणि जनावर मागच्या पायांवर कोलमडतं. अमेरिकेतल्या फेरेटांत हा आजार नेहमीचा. तो गेला तेव्हा कच्चेबुवा रडले म्हणतात. त्या रात्री ते संगणकापुढे बसले आणि सकाळी उठले ते कच्चेबुवा होऊनच.

आता त्यांचं म्हणणं खोटं आहे असं म्हणायची सोय नाही, हीच खरी पंचाईत. फेरेट शुद्ध मांसाहारी. आतडं आखूड, आपल्या आंत्रपुच्छाजवळ असते ती मोठ्या आतड्याची पिशवीच त्याला नाही, आणि खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. धान्य पचवायला तिथे ना जागा ना वेळ. उलट किबलचा दाणा आकारात राहावा म्हणून त्यात स्टार्च लागतोच. दाबाखाली, उष्णतेने, साच्यातून पीठ बाहेर ढकलायचं आणि फुगवायचं, अशी ती कृती. ‘यंत्रातून हगवलेलं अन्न,’ असं कच्चेबुवा चारचौघांत म्हणतात. हे म्हणताना त्यांच्या हातात कुरकुऱ्यांचं पाकीट असतं. कुरकुरे त्याच जातीच्या यंत्रातून निघतात हे मी एकदा त्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, “मी कुठे फेरेट आहे?”

जनावरांच्या डॉक्टरीणबाई सावध आहेत. स्टार्चमुळेच इन्शुलिनोमा होतो हा संशय रास्त असला तरी सिद्ध झालेला नाही. कच्च्या मांसात साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०१२ मध्येच कुत्र्यामांजरांना कच्चं देऊ नका असं सांगितलंय, आणि २०२४ च्या डिसेंबरात ओरेगनमध्ये कच्च्या टर्कीचं विकतचं खाणं खाऊन एक मांजर बर्ड फ्लूने गेलं. हे सगळं कच्चेबुवा मान हलवत ऐकतात आणि घरी येऊन इयन बिलिंगहर्स्टचं पुस्तक काढतात. हा ऑस्ट्रेलियाचा पशुवैद्य. १९९३ मध्ये त्याने कुत्र्यांना कच्ची हाडं घाला असं लिहिलं आणि जगभर पंथ निघाला. बाई डॉक्टर आणि हाही डॉक्टर. मग आपल्याला पटतो तो खरा.

ही जात आपल्याला नवी नाही. पुण्यात ‘दीक्षित की दिवेकर’ असा डाएटचा वाद चालला होता तेव्हा लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून, आपण जिलबी उचलली की घड्याळ बघणारे हेच. तेव्हा निदान ते स्वतः उपाशी राहायचे. कच्चेबुवांनी पथ्य सगळं दुसऱ्यावर टाकलंय.

शनिवारी सकाळी ते हलाल खाटकाकडे जातात. पहिल्यांदा गेले तेव्हा नाकाला रुमाल होता. आता नाव घेऊन हाक मारतात. दोन किलो कोंबडीची हृदयं, अर्धा किलो पेटा, थोडी कलेजी, विंग्ज हाडासकट, आणि “साफ मत करना, खून रहने दो.” खाटीक हैदराबादचा. त्याने एकदा अदबीने विचारलं, “साब, दिल का क्या बनाते आप?” कच्चेबुवांनी त्याला टॉरिन नावाच्या पोषकद्रव्यावर व्याख्यान दिलं. हृदयाच्या मांसात टॉरिन भरपूर असतं, वगैरे. मागे रांग वाढत गेली.

घरी आल्यावर काटा निघतो. वहिनींनी तो केकसाठी घेतला होता. आता त्या त्याला हात लावत नाहीत. ऐंशी टक्के मांस, दहा टक्के हाड, दहा टक्के अवयव, त्यातली निम्मीच कलेजी. जास्त झाली तर अ जीवनसत्त्व अंगावर येतं. ज्या माणसाला आमटीत गूळ आधी पडतो की चिंच हे पन्नाशीत सांगता येत नाही, तो कलेजीचा तुकडा काट्यावर ठेवतो, कात्रीने कोपरा छाटतो, पुन्हा ठेवतो, चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचतो. मग झिपलॉकच्या पिशव्या, त्यांवर तारखा.

फ्रीझरवरून घरात एकदाच खरं भांडण झालं. सापांसाठी इथे गोठवलेले उंदीर विकत मिळतात. अख्खा उंदीर म्हणजे मांस, हाड, अवयव सगळं निसर्गाने मोजूनच दिलेलं, असं कच्चेबुवांच्या वाचनात आलं आणि त्यांनी पन्नासाचा खोका मागवला. खोका आला गणपतीच्या दोन दिवस आधी. वहिनी ओल्या नारळाची पाकिटं ठेवायला गेल्या. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी बाहेर येऊन एवढंच विचारलं, “परवा ज्याची प्रतिष्ठापना करायची, तो कशावर बसून येणार आहे?” दहा दिवस उंदीर आमच्या फ्रीझरमध्ये होते. शेजारधर्म.

माणसांच्या घोळक्यात हा विषय त्यांना टाळता येत नाही. कुणाकडे पार्टीत कोंबडीची तंगडी फोडणाऱ्याला ते हळूच म्हणतात, “शिजवलेलं हाड आहे ना? त्याच्या चिरफाळ्या होतात, आतड्याला लागतात. कच्चं असतं तर हरकत नव्हती.” फोनमध्ये मुलीचे फोटो कमी आणि फेरेटच्या शीचे जास्त. किबल सोडताना काही दिवस ती हिरवट, बुळबुळीत होते, मग रंग येतो, आकार येतो, प्रमाण निम्म्यावर येतं. हा सगळा प्रवास त्यांनी टिपून ठेवलाय. “हा सोमवारचा,” म्हणत ते फोन पुढे करतात. समोरच्याच्या ताटात पालक पनीर असतं.

काळजी खाण्यापुरतीच नाही. माणसाचा फ्लू फेरेटला लागतो. १९३३ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी फ्लूचा विषाणू हाती धरला तो फेरेटांच्याच मदतीने. त्यामुळे सर्दी झाली की कच्चेबुवा पिंजऱ्याजवळ जाताना मास्क लावतात आणि पाहुण्यांत येताना काढतात.

उरलेल्या तिघांतले ऑलिव्ह आणि पिकल कच्च्याला लवकर बधले. अडली ती टोफू. पाच वर्षांची, घरातली ज्येष्ठ. फेरेट लहानपणी, पहिल्या काही महिन्यांत, ज्या वासाचं खातो तेवढंच त्याला अन्न वाटतं. बाकी सगळ्या वस्तू. टोफूपुढे कोंबडीचं हृदय ठेवलं तर ती त्याला ओलांडून जाते. उपाशी ठेवून वठणीवर आणावं म्हटलं तर तेही धोक्याचं. फेरेटला दिवसातून आठ-दहा वेळा थोडं थोडं लागतं, आणि वय झालेल्याची साखर चटकन उतरते. मग कच्चेबुवांनी मांस वाटून त्याचं सूप केलं. फेरेटला मानगुटीला धरून उचललं की तो लोंबकळतो आणि मोठी जांभई देतो. ती जांभई आली की हे बोटाने सूप आत लावतात. टोफू खाली उतरते, तोंड गालिच्यावर या बाजूने, मग त्या बाजूने पुसते, आणि यांच्याकडे बघत उलट्या पावली सोफ्याखाली जाते. “शेवटी हिची मूळ प्रकृती जागी होणारच,” असं म्हणत हे गुडघ्यांवर बसून वाट बघतात.

वहिनी हे दारातून बघत असतात. एकदा त्या मला म्हणाल्या, “पंचवीस वर्षं झाली आम्हाला इथे येऊन. हे रात्री वरणभात नसेल तर झोपत नाहीत. मागे मुलीने पास्ता केला, तर दहा वाजता उठून मेतकूट शोधत होते. आणि त्या बिचारीने पाचव्या वर्षी सवय बदलायची!” कच्चेबुवांनी ते ऐकलं. म्हणाले, “तो वेगळा विषय आहे.”

शेवटी डॉक्टरीणबाईंनीच तोड काढली. टोफूला किबलच, पण कोमट सुपात भिजवून. तिने ते मान्य केलंय. कच्चेबुवा याला ‘संक्रमणकाळ’ म्हणतात. तो संपण्याचं लक्षण नाही. किबलची पिशवी ते बिलाच्या चिठ्ठीसह गॅरेजमध्ये, बर्फ उपसायच्या फावड्यामागे ठेवतात.

ऑलिव्ह आणि पिकल मात्र तुकतुकीत झालेत, आणि पिंजऱ्याचा वास खरोखर कमी झालाय, हे मान्य करायला हवं. तेव्हा तुमच्यापैकी कुणी अमेरिकेत फेरेट पाळणार असेल तर कच्चेबुवांना जरूर भेटा. माहिती पक्की मिळेल. जेवून गेलात तर बरं, आणि बसण्याआधी सोफ्याची गादी उचलून बघा. उरलेलं पिकल तिथेच साठवतो.