त्रेसष्ट टक्क्यांचं दार

दिवाळी आठ दिवसांवर आली की जुन्या मराठी वस्त्यांमध्ये बेकरीच्या दारात बायका-मुलांची रांग लागायची. हातात पत्र्याचा डबा, पिशवीत मैदा, रवा, पिठीसाखर आणि झाकण घट्ट लावलेली तुपाची बरणी. बेकरीवाला मजुरी घेऊन नानकटाई भाजून द्यायचा. खरं काम मात्र घरच्या एका विश्वासू माणसाचं असायचं. भट्टीपाशी उभं राहून आपलं तूप आपल्याच पिठात पडतंय ना, आत गेलेले आपलेच ट्रे बाहेर येतायत ना, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. बेकरीवाल्याच्या प्रामाणिकपणाची शंका नव्हती. शंका होती ती शेजारणीच्या डालड्याची.

ही राखण फार जुनी आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसने गाडलेल्या हर्क्युलेनियममध्ये कोळसा झालेला एक गोल पाव सापडला. त्यावर शिक्का आहे: क्विंटस ग्रॅनियस व्हेरसचा गुलाम केलेर याचा. स्टीलच्या पातेल्यावर नाव आणि तारीख कोरून घेणाऱ्या मराठी घराला या शिक्क्याचं प्रयोजन समजावून सांगायला नको. जवळच्याच पाँपेईत मोडेस्टसची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेकरीच्या भट्टीत ८१ पाव तसेच राहून गेलेले मिळाले. ते काही एका कुटुंबाच्या न्याहारीचे नव्हते.

मध्ययुगीन फ्रान्समध्ये भट्टी जमीनदाराची असे. रयतेने त्याच्याच भट्टीत पाव भाजायचे आणि त्यातला वाटा द्यायचा, अशी सक्ती होती. राज्यक्रांतीत राजाबरोबर तीही गेली. जर्मनीतल्या खेड्यांनी आगीच्या भीतीने आणि सरपणाच्या काटकसरीने गावकीची भट्टीघरं बांधली. मोरोक्कोत मुलं फळीवर कणकेचे गोळे घेऊन मोहल्ल्याच्या भट्टीवर जातात. गोव्यात तर पोदेरच सायकलचा भोंगा वाजवत दारात येतो. उंडे, पोयी, काकणं घ्यायची आणि चहा उतू जायच्या आत घरात परतायचं. क्वेबेकच्या शेतकऱ्यांनी घरोघरी मातीच्या भट्ट्या बांधल्या हे खरं, पण त्यांच्याकडे दहा-बारा मुलं असणं ही नवलाची गोष्ट नव्हती. भट्टीला तोंडं लागतात, आणि त्यांनी ती सोय आधीच करून ठेवली होती.

रत्नागिरीजवळच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या घरात तोंडं दोन. त्यातल्या एकाला मैदा वर्ज्य. तरीही निवृत्तीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी भट्टीवर इतकं वाचलं की नेपल्सचा पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत होतो, त्यासाठी भट्टी साडेचारशे अंशांच्या आसपास न्यावी लागते, आणि ही कला २०१७ साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली, हे ते दूधवाल्यालाही सांगत. परसात भट्टी, तिच्या शेजारी ओटा, ओट्याला नळ, असं बाहेरचं स्वयंपाकघर बांधायचं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं.

“अहो, सासूबाईंना परसातल्या चुलीवरून गॅसवर आणायला तुम्ही दहा वर्षं भांडलात,” काकू म्हणाल्या. “आणि आता मला गॅसवरून परसात नेताय?”

यावर काकांकडे उत्तर नव्हतं, पण आराखडा होता.

उघड्यावर भाजण्याच्या बाबतीत महाराष्ट्र कुणाला ऐकणारा नाही. रायगडात थंडी पडली की पोपटी लागते: मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी आणि भोवती जाळ. विदर्भात गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजतात, खानदेशात भरताची वांगी काड्या-काटक्यांच्या जाळावर. पण यातल्या एकालाही गवंडी लागत नाही. खाऊन झालं, राख पांगवली, मामला खलास. त्यात पाव हा मुळात संशयित. विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यालेलं गाव बाटलं, अशा गोष्टी किनारपट्टीवर पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली, गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि टिळक-रानड्यांच्या वाट्याला ग्रामण्य आलं. बिस्किटाची सुनावणी जिथे शंकराचार्यांपर्यंत जाते, तिथे परसात भट्टी बांधायची हिंमत कोण करणार? आपल्याकडे या विषयातला अनुभव थोडा कमी पडतो, त्याचं कारण हे असावं.

गवंड्याने चिऱ्याचा चौथरा पाहता पाहता उभा केला. जांभा त्याच्या हाताखालचा. पंचाईत चौथऱ्यानंतर सुरू झाली. भट्टीचा तळ घालण्याआधी त्याखाली उष्णता अडवणारा थर लागतो. नवशिके घुमटाला चांगलं जाड आवरण घालतात आणि तळ विसरतात. मग सगळी धग चौथरा पिऊन टाकतो आणि पाव वरून करपून खालून कच्चा राहतो. किको डेन्झर या अमेरिकी लेखकाने मातीच्या भट्ट्यांवर लिहिलेलं पुस्तक हौशी लोकांत प्रसिद्ध आहे. त्या पंथातला स्वस्त उपाय असा: काचेच्या रिकाम्या बाटल्या आडव्या मांडायच्या आणि फटींत भुसा कालवलेली माती भरायची. बाटलीत कोंडलेली हवा उष्णतेला खाली उतरू देत नाही.

उपाय शास्त्रशुद्ध आहे. अडचण एवढीच, की एका मापाच्या पुष्कळ बाटल्या भंगारवाल्याकडे ज्या मिळतात त्या बिअरच्या. आयुष्यभर सुपारीच्या खांडालाही न शिवलेल्या काकांनी पोतंभर बाटल्या आणल्या, मागच्या दारी धुतल्या आणि ओळीने उन्हात उपड्या घातल्या. गावाने काही विचारलं नाही. गाव विचारत नाही तेव्हा त्याला सगळं कळलेलं असतं. संध्याकाळी एक जुने सहकारी खाऱ्या शेंगदाण्यांचा पुडा घेऊन आले, भट्टीचा आराखडा पाहिला आणि पुडा घेऊन परत गेले.

मग घुमट. मातीचा घुमट बांधायला फळ्यांचा सांगाडा लागत नाही. ओल्या वाळूचा ढीग हव्या त्या आकारात थापायचा, त्यावर ओली वर्तमानपत्रं चिकटवायची आणि त्यावर माती-वाळूचा जाड थर चढवायचा. माती आवळली की दारातून वाळू उकरून काढायची. कागद हाताला लागला की थांबायचं. हे दिवस नेमके दिवाळीच्या सुट्टीचे होते. शेजारच्या मुलांनी वाळूचा ढीग पाहिला आणि त्यांना जे दिसायचं ते दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिखरावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज, उतारावर मावळे, बुरुजाशी तोफ आणि पायथ्याला अळीव पेरून तयार. महाराजांना हात लावायची कुणाची छाती होणार? भाऊबीज होईपर्यंत बांधकाम स्थगित राहिलं.

नंतर निघाला दाराचा प्रश्न, आणि इथे काका अडून बसले. घुमटाच्या आतल्या उंचीच्या ६३ टक्के उंचीचं दार, इकडे नाही की तिकडे नाही. घुमट १६ इंच तर दार १० इंच. क्वेबेकच्या जुन्या भट्ट्यांवरच्या लिझ बॉयली आणि झाँ-फ्रान्स्वा ब्लांशेत यांच्या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती १९७९ साली निघाली. तिथल्या मोजमापांतून आलेला हा आकडा आता जगभरचे भट्टीवाले मंत्रासारखा म्हणतात. दार बुटकं झालं तर विस्तवाला हवा पुरत नाही आणि तो धुमसतो. उंच झालं तर तापलेली हवा निघून जाते.

“दहा इंचाच्या दारातनं मांजरपण वाकून जाईल, काका,” गवंडी म्हणाला. “धूर कुठनं जायचा?”

“त्याच दारातून.”

“आणि वारा कुठनं यायचा?”

“त्याच दारातून.”

गवंडी थोडा वेळ तंबाखू मळत राहिला. “म्हणजे यष्टीसारखं. चढणारे नि उतरणारे एकाच दारात.”

पाठ्यपुस्तकात याहून चांगलं स्पष्टीकरण मिळणार नाही. गार हवा दाराच्या खालच्या अंगाने आत शिरते, विस्तवावरून घुमटाला वळसा घालते आणि धूर होऊन दाराच्या वरच्या अंगाने बाहेर पडते. म्हणून धुराडं दाराच्या पुढ्यात असतं, घुमटावर नाही. गवंड्याला हे पटेना. कळस मधोमध नसलेलं काही त्याने आजवर बांधलं नव्हतं. मधोमध भोक पाडलं की सगळी उष्णता सरळ आकाशात जाईल, हे काकांनी कागदावर बाण काढून दाखवलं. गवंड्याने बाण पाहिले, मान हलवली आणि काकूंकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांनी त्याला आणखी एक चहा दिला.

सिमेंटवरूनही झालंच. साधं पोर्टलंड सिमेंट कडक होतं ते अंगात पाणी बांधून घेऊन. चारशे अंशांच्या पुढे ते पाणी सुटतं आणि सांधे भुसभुशीत होतात. म्हणून घुमटात सिमेंट नाही. तळाला फायरब्रिक, साधारण ९ इंच लांब, साडेचार रुंद, तीन जाड, आणि त्या तर वाळूवर कोरड्याच मांडायच्या. तापल्यावर फुगायला जागा मिळते आणि एखादी फुटली तर ती तेवढी बदलता येते. नुसत्या मांडायच्या हे ऐकून गवंडी हबकला. “मग मजुरी कशाची लावू?”

भट्टी उभी राहिली तरी लगेच पेटवता येत नाही. ओल्या मातीत पाणी दडलेलं असतं. पहिल्याच दिवशी मोठा जाळ केला तर त्याची वाफ होऊन घुमटाला चिरा जातात. रोज थोडा थोडा जाळ, रोज किंचित वाढवलेला. या काळात भट्टी पेटते, धूर करते आणि खायला काहीही देत नाही. काकूंनी हे काही दिवस पाहिलं आणि काका अंघोळीला गेलेले पाहून राखेत रताळी सारली. नेपल्सच्या वारशाने रत्नागिरीत रताळ्यापासून सुरुवात केली.

खऱ्या पेटवणीचा दिवस उजाडला तेव्हा आंब्याची आणि काजूची वाळकी लाकडं, वर करवंट्या, अशी तयारी होती. घुमट आतून आधी काळाकुट्ट होतो. साडेतीनशे अंशांच्या पुढे गेला की ती काजळीच जळून जाते आणि माती पुन्हा पांढुरकी दिसू लागते. भट्टीवाल्यांचा थर्मामीटर तो. दोन तास जाळ झाल्यावर निखारे कडेला ओढले, लांब काठीला ओलं पोतेरं बांधून तळ पुसला आणि पिझ्झा आत सरकवला. तो दीड मिनिटात झाला. दुसरा काकूंसाठी बिनमैद्याचा, तोही दीड मिनिटात. म्हणजे दोन तासांचा जाळ, तीन मिनिटांचं जेवण, आणि तृप्त ढेकर दिल्यावर समोर चारशे अंशांवर तशीच तापलेली भट्टी.

घरगुती भट्टीचं खरं दुखणं हे आहे, आणि ते कुठल्याच आराखड्यात दिसत नाही. गॅस बटणासरशी विझतो. माती आणि वीट मात्र प्यालेली उष्णता तासन्‌तास सोडत बसते. निखारे काढून दार लावलं की भट्टी अडीचशेवर येते, तो पावाचा वक्त. मूठभर पीठ तळावर टाकायचं, झटकन काळं झालं तर थांबायचं, सावकाश तांबूस झालं तर पाव आत. मग केक आणि बिस्किटं. दीडशेच्या आसपास मडक्यातली कोंबडी किंवा वालाची उसळ. रात्रभर आमसुलं वाळत टाका, सकाळी आत हात घातला तर अजून ऊबच. एकदा पेटवलेली भट्टी वाडीभर माणसांचा स्वयंपाक करू शकते आणि तो केला नाही तर ती ऊब फुकट जाते. शिल्लक पडून राहणं ही गोष्ट काकांना चाळीस वर्षं बँकेत सहन झाली नव्हती, आता कशी व्हावी?

त्यांनी आधी शेजाऱ्यांना बोलावलं. मग भजनी मंडळ आलं, ते मंडळ असल्यामुळे एकटं आलं नाही. विरोधी पक्षात बसलेल्या काकूंनी या टप्प्यावर कारभार हातात घेतला. त्यांचा कागद आता भट्टीशेजारच्या खांबावर असतो: पहिला तास पोरांचा, दुसरा पावाचा, तिसरा महिला मंडळाचा, आणि शेवटी ज्याची आमसुलं ओली असतील त्याचा. भाजायला येणाऱ्याने दोन लाकडं आणायची. फ्रान्सच्या जमीनदारांवर टीका करणं सोपं आहे. सरपण किती लागतं ते पाहिल्यावर त्यांची बाजू थोडी कळू लागते.

गंमत अशी की याच सुमारास मुंबईतल्या बेकऱ्या लाकूड सोडायच्या मार्गावर होत्या. उच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२५ मधल्या आदेशानंतर महापालिकेने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेवर जायला सांगितलं. दाट वस्तीत पहाटेपासून धूर ओकणाऱ्या भट्टीबद्दल ते योग्यच म्हणायला हवं. पिढीजात भट्टीवाला मात्र गॅसजोडणीच्या खर्चाचा हिशोब करत बसला, आणि निवृत्त बँकवाला काजूची लाकडं रचत होता.

पावसाळ्याचं काय, हा प्रश्न उरला होता. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या गावात मातीचा घुमट उघडा ठेवता येत नाही. त्यावर कौलारू छप्पर आलं. पाऊस आडवा येतो, म्हणून पश्चिमेला भिंत आली. ओट्यावरच्या डब्यांना माकडं त्रास देतात, म्हणून उरलेल्या बाजूंना जाळी आली. मग दिवा, पंखा, आणि रात्री कुलूप. बाहेरचं स्वयंपाकघर आता बऱ्यापैकी आत आलं आहे.

गवंड्याला पलीकडच्या गावात दोन भट्ट्यांचं काम मिळालंय. तिथे तो टेप हातात घेऊन गिऱ्हाइकाला बजावतो, की दार ६३ टक्के म्हणजे ६३ टक्केच, हे माप आमच्या आज्यापासून चालत आलंय. धुराडं मधोमध हवं म्हणणारा कुणी निघालाच, तर तो खिशातून घडी घातलेला कागद काढून काकांचे बाण दाखवतो आणि बाटल्यांचे पैसे आगाऊ मागतो.