जंक्शन आप्पा

करमाळा शहराला रेल्वे नाही. तालुक्याला आहे. पारेवाडी, वाशिंबे, पोफळज, जेऊर, केम अशी स्टेशनं मुंबई-सोलापूर मार्गावर ओळीनं आहेत. पण शहरातल्या माणसाला रूळ बघायचे तर वीसेक किलोमीटरवर जेऊर गाठावं लागतं. ही उणीव गावानं जंक्शन आप्पांवर भागवली आहे.

असा एक गृहस्थ प्रत्येक तालुक्याच्या गावी असतो. तो निवृत्त असतो, पण रेल्वेतून नव्हे. रेल्वेत नोकरी केलेल्याचा नियमांवर इतका विश्वास उरत नाही. आमचे आप्पा एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलात बसतात. कुणी लग्नपत्रिका दिली की मुहूर्ताआधी कार्यालयाचं गाव बघतात आणि म्हणतात, "म्हंजे कुर्डुवाडीला बदलावं लागणार." नवरामुलगा कोण, ही चौकशी पुढं सवडीनं.

परवा सुट्टी संपवून निघालेला एक जवान आला. "आप्पा, जम्मूला जायचंय. दौंडहून झेलम धरतो."

"जेऊर ते दौंड काय काढलंय?"

"काढायचंय अजून. जनरल."

आप्पांनी डोळे मिटले. "मग ही दोन तिकिटं एकमेकांला वळखत न्हाईत, बाळा."

मग नियम सुरू झाला. गावच्या कमलाभवानीच्या देवळाच्या बारवेला ९६ पायऱ्या आहेत; आप्पांच्या उत्तरात उतरणाऱ्याला त्याहून जास्त लागतात. १ एप्रिल २०१९ पासून रेल्वेनं दोन आरक्षित तिकिटांचे पीएनआर जोडायची सोय केली. (ही तारीख त्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ आहे, असं काकूंचं म्हणणं.) दोन्ही तिकिटांवर नावं तीच हवीत. पहिली गाडी उशिरा पोचून पुढची चुकली, तर तीन तासांच्या आत मागणी करायची. न झालेल्या प्रवासाचे पैसे कापाकापी न होता परत.

"पण आप्पा, जनरलला पीएनआर कुठंय?"

"न्हाईच! म्हणून तर सांगतोय."

जनरलचं शास्त्र निराळं. १९९ किलोमीटरपर्यंतचं तिकीट काढलं की तीन तासांत किंवा त्यानंतरच्या पहिल्या गाडीनं निघायचं. आणि जेऊरपर्यंत आणून सोडणारी एसटी? ती वाटेत पंक्चर झाली तर रेल्वेच्या लेखी आपण घरातून निघालेलोच नसतो.

एका जावईबापूंनी विचारलं होतं, लांबच्या तिकिटावर मध्येच उतरता येतं म्हणे? येतं. तिकीट ५०० किलोमीटरहून जास्तीचं असेल तर दोन दिवस थांबता येतं, पण पहिले ५०० किलोमीटर सरल्यावर. सासुरवाडी दौंडला असलेल्या माणसाला यातून काहीच पदरात पडत नाही, हे आप्पांनी कागदावर आकडेमोड करून सिद्ध केलं. जावईबापूंना त्याचं फार वाईट वाटल्याचं दिसलं नाही.

आप्पांना निरुत्तर केलं ते एकदाच, आणि तेही जर्मनीत नोकरी करणाऱ्या गावच्याच पोरानं. तिकडं स्वस्त तिकीट ठरावीक लांब पल्ल्याच्या गाडीशी बांधलेलं असतं. पण त्याच तिकिटावरची आधीची लोकल रखडली आणि मुक्कामी पोचायला वीस मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं, की बंधन सुटतं. मिळेल त्या पुढच्या गाडीत बसायचं.

आप्पांचा चहा निवला. "म्हंजे पैशाआधी माणूस पुढं धाडत्यात?"

"व्हय."

"आन गाड्या उशिरा येत्यात का तिकडं?"

"लय!"

हे ऐकून त्यांना बराच धीर आला. पण त्या दिवसापासून त्यांच्या बोलण्यात नियमांच्या शेवटी एक तक्रार येऊ लागली. आपल्याकडं पैसे परत येतात आणि माणूस दौंडच्या फलाटावर राहतो. जवानाची हजेरी, पोरीची मुलाखत, कुणाच्या मयताला पोचणं, यांचा परतावा कुठल्या खिडकीवर मिळायचा? जेऊरच्या जनरल तिकिटावर पुढच्या गाडीचा पीएनआर नोंदवा, आणि पॅसेंजर रखडून ती गाडी चुकली तर मागून येणाऱ्या गाडीत उभं राहण्यापुरती तरी जागा द्या, एवढंच त्यांचं मागणं आहे. विनोदी माणसाचं म्हणून ते सोडून देऊ नये. त्या चहाच्या हॉटेलात निघालेलं हे सगळ्यात शहाणं वाक्य आहे.

ते मान्य होईतो आप्पांचा सल्ला माना. दोन्ही तिकिटं आरक्षित असतील तर पीएनआर जोडून घ्या. नसतील तर एक गाडी आधीची धरा आणि दौंडला निवांत चहा प्या. आप्पा स्वतः मात्र पुण्याला थेट एसटीनं जातात. इतके नियम पाठ असलेल्या माणसानं धोका कशाला पत्करावा!