श्री. अज्ञात वाहन यांस

प्रति,
श्री. अज्ञात वाहन,
मुक्काम माहीत नाही. तूर्त वावर पिंगळी-परभणी रस्ता.



आपलं नाव पेपरात इतक्यांदा येतं, की आमच्या पुढाऱ्यांना हेवा वाटावा. ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत सायकलस्वार ठार.’ आतल्या पानावर चार ओळी. सायकलवाल्याचं वय, गाव, मागे कोण कोण आहे, सगळं छापून येतं. आपला मात्र रंगसुद्धा कुणी सांगत नाही. फ्लेक्सवर फोटो झळकवायच्या या दिवसांत एवढा संकोच दुर्मीळच म्हणायचा.

आणि कर्तृत्व काही लहान नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यातली 30,486 धडक देऊन पळणाऱ्यांच्या, म्हणजे आपल्या खात्यावर. शंभरात अठरा. एवढं करून सत्काराला एकदाही हजर नाही!

पिंगळीत आपली चौकशी केली तर प्रत्येक जण वेगळं रूप सांगेल. कुणी म्हणेल, वाळूचा हायवा, पहाटेचा, नंबरप्लेटला चिखल फासलेला. कुणी म्हणेल, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. पुढे गाणी, मागे अंधार. कुणी म्हणेल, एलईडी डोळ्यांवर मारणारी जीप. तिघंही खरं बोलत असतील. अडचण एवढीच, की प्रत्येक रूपाला उतारा वेगळा. ट्रॉलीला मागून परावर्तक पट्टी हवी, हायवाच्या वेळा बांधायला हव्यात. डांबराच्या कडेची साईडपट्टी वीतभर खचलेली असेल तर तीच आधी भरायला हवी, कारण मागून हॉर्न वाजला तरी सायकलवाला खाली उतरणार कुठे? ही कामं वेगवेगळ्या खात्यांची, आणि आधी कोणतं, हे पुराव्यानिशी सांगणारा कागद माझ्या पाहण्यात नाही. आपण निश्चिंत असावं.

मानव विकास कार्यक्रमातून आमच्याकडच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूचा आहे. किती सायकली वाटल्या, याचा हिशेब ठेवला जातो. त्यावरून शाळेत जाताना किती जणी पडल्या, कुठल्या वळणावर, किती वाजता, आपल्या धक्क्यानं की आपल्याला वाट देताना, हा रकाना मात्र मला कुठे दिसला नाही. पोरगी घरी येते, आई हळद लावते, ‘मुका मार आहे’ म्हणते. फारच ठणकलं तर हाड बसवणाऱ्याकडे. पोलिसांत जायचं कशाला, आणि गाडीचा नंबर विचारला तर सांगायचं काय? मेलेला माणूस निदान वहीत चढतो. मोडलेलं मनगट कुठेच चढत नाही.

आयआयटी दिल्लीचे दिनेश मोहन 2021 साली गेले. पोलिसांच्या नोंदीतून जखमी गळतात, हे ते वर्षानुवर्षं सांगत राहिले. आपल्याला आवडला नसता असा माणूस. त्यांनी खेड्यांत फिरून, कडबा कापायच्या यंत्रात हात सापडणाऱ्या पोरांची मोजदाद केली. मग ‘मुलांनो, जपून’ असा फलक न लावता ते यंत्रच कसं बदलता येईल यावर काम केलं. असला माणूस रस्त्याच्या कडेला वही घेऊन बसला असता तर आपण अज्ञात राहिला असता का?

विलायतेत तर लोकांना उद्योगच नाही. बाथ विद्यापीठातल्या इयान वॉकर नावाच्या गृहस्थानं सायकलला अंतर मोजायचं यंत्र बांधलं आणि ओलांडून जाणाऱ्या गाड्या किती जवळून जातात ते नोंदवलं. हेल्मेट घातलं तर गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर अधिक जवळून गेल्या. मोजता मोजता एकदा बसनं आणि एकदा ट्रकनं त्यालाच धडक दिली. 2007 साली हे छापून आलं, पुढे इतर संशोधकांनी त्याच आकड्यांवरून त्याच्याशी वाद घातला. घालू देत. वाद घालायला त्यांच्याकडे आकडे तरी आहेत. आपण आमच्या कोपरापासून किती सेंटिमीटरवरून जाता, हे फक्त कोपराला माहीत.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणारे आम्ही. परभणीत कृषी विद्यापीठ आहे, त्यात अभियांत्रिकी शिकवतात. 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. एका हंगामात चार विद्यार्थी दवाखान्याच्या दारात बसून आलेल्या प्रत्येक जखमीला ‘कुठे, कधी, कशानं’ एवढं विचारू लागले, तर आपली पंचाईत होईल. अजून कुणी विचारलेलं ऐकिवात नाही, म्हणून आगाऊ कळवतो.

कायद्याची धास्ती नसावी. न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, असं भारतीय न्याय संहितेत कलम 106 चं दुसरं पोटकलम आलं. जानेवारी 2024 मध्ये ट्रकवाले संपावर गेले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. 1 जुलैला नवी संहिता लागू झाली, पण ते पोटकलम तेवढं बाजूला ठेवून.

भरपाईचीही काळजी नको. आपण न सापडल्यास मृताच्या घरच्यांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार देण्याची योजना एप्रिल 2022 पासून आहे. त्या आर्थिक वर्षात देशभरातून 205 दावे आले. हा आकडा सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा पोलिसांनीच घरच्यांना योजना सांगावी, असं न्यायालयाला बजावावं लागलं. वर आपल्या खात्यावरचा आकडा दिलाच आहे, ताळा आपण घ्यावा.

कळावे. लोभ मात्र नसावा.

आपला,
पिंगळीचा एक सायकलवाला

ता. क. ट्रॉलीला लावायची लाल चमकती पट्टी परभणीत स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते. घेताना नाव सांगावं लागत नाही.